आत दडलेले लिंग: वजन उतरेपर्यंत थांबावे की आताच उपचार घ्यावेत?

प्रश्न: कृष्णाकाठ

माझे वय 54 असून वजन 118 किलो आहे आणि मधुमेह बऱ्याच वर्षांपासून आहे. ओटीपोटाखालची चरबी वाढत गेल्याने माझे लिंग जवळजवळ पूर्ण आत गेले असून बाहेर केवळ कातडीची घडी दिसते. लघवीची धार सरळ पडत नाही, म्हणून बसूनच लघवी करावी लागते आणि उठल्यावरही थेंब गळत राहून आतले कपडे ओले होतात. जांघेत सतत खाज असते. अलीकडे घडीच्या तोंडाशी कातडी पांढुरकी व कडक झाली आहे आणि ती मागे सरत नाही.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांचे म्हणणे असे, की वजन उतरले की सगळे आपोआप ठीक होईल. दुसऱ्या एका डॉक्टरांनी सुंता करून टाकण्याचा सल्ला दिला. पत्नीखेरीज हा विषय मी कोणापाशी काढलेला नाही. हा लठ्ठपणाचाच एक भाग समजून थांबावे, की यावर स्वतंत्र उपचार हवेत, हे कशावरून ठरवावे?

प्रतिसाद: एक मूत्ररोगतज्ज्ञ, पुणे

तपासल्याशिवाय निदान करणे योग्य नाही, तरीही ठरवायचे कशावरून, एवढे निश्चित सांगता येईल. लिंग किती दिसते, यावर उपचारांची गरज ठरत नाही. लघवी मोकळी होते का, आतली कातडी रोज धुऊन कोरडी ठेवता येते का आणि लिंगाचे बोंड डोळ्यांनी पाहता येते का, यावर ती ठरते.

पाठीवर झोपून लिंगाच्या मुळाशी असलेली चरबी दोन्ही हातांनी अलगद मागे दाबून पाहावी. तेवढ्याने लिंग बाहेर येत असेल, कातडी सहज मागे सरत असेल आणि लघवीची तक्रार नसेल, तर वजन कमी करणे, साखर आटोक्यात ठेवणे व रोजची स्वच्छता यांवर भर देऊन काही काळ थांबण्यास हरकत नसते. दाबूनही लिंग बाहेर येत नसेल, तर त्याला चरबीने झाकलेले नसून आकसलेल्या कातडीने आत धरून ठेवलेले असण्याची शक्यता मोठी असते, आणि ही कातडी वजन उतरल्याने सैल होत नाही. कातडी मागे सरत नसल्यास जोराने ओढू मात्र नये. ती चिरते आणि भरून येताना आणखी आकसते.

आपण लिहिलेल्या पांढुरक्या, कडक कातडीमुळे मला लायकेन स्क्लेरोसस या विकाराची शंका येते. लघवीचा ओलावा कातडीत कोंडून राहिल्याने हा विकार बळावतो, मूत्रमार्गाचे तोंड अरुंद होऊ शकते आणि पुढे लिंगाच्या कर्करोगाचा धोकाही वाढतो. बोंड दिसतच नसेल, तर आत वाढणारी गाठ उशिरापर्यंत लक्षात येत नाही. म्हणून या कातडीची तपासणी, आणि गरज वाटल्यास तिचा छोटा तुकडा काढून प्रयोगशाळेत पाठवणे, ही वजन उतरेपर्यंत लांबवण्याची गोष्ट नव्हे. सुरुवातीच्या अवस्थेत क्लोबेटासॉलसारख्या तीव्र स्टेरॉईड मलमाचा उपयोग होतो. परंतु मधुमेह्याला त्याच जागी बुरशीचा संसर्गही असू शकतो, म्हणून ते दुकानातून परस्पर आणून लावू नये.

सुंतेबद्दल माझे मत स्पष्ट आहे. दडलेल्या लिंगावर नुसती सुंता करू नये. लिंग बाहेर आणल्यावर ते झाकण्यासाठी लागणारी कातडीच तीत कापली जाते, चरबी तशीच राहते, आणि जखम भरताना तोंड आकसून लिंग पहिल्यापेक्षा घट्ट अडकते. अशी अडकलेली माणसे आमच्याकडे येतात, तेव्हा शस्त्रक्रिया आधीपेक्षा अवघड झालेली असते.

प्रतिसाद: गोदाघाट

मी याच अवस्थेतून गेलो आहे. वजन चांगले उतरल्यावर पोटाची चरबी गेली, पण कातडीचा कडक पट्टा तसाच राहिला आणि सैल पडलेले पोट उलट त्यावर लोंबू लागले. शेवटी मूत्ररोगतज्ज्ञ व प्लास्टिक सर्जन यांनी मिळून शस्त्रक्रिया केली. लिंगावरचा चरबीचा थर काढला, आकसलेली कातडी काढून टाकली आणि मांडीवरची पातळ कातडी लिंगावर लावली.

ही शस्त्रक्रिया लहान नाही. लघवीची नळी होती, लावलेली कातडी धरेपर्यंत हालचालीवर बंधने होती, आणि माझी जखम एका कोपऱ्यात उघडल्यामुळे ड्रेसिंग बरेच दिवस चालले. डॉक्टरांनी आधी साखर आटोक्यात आणायला आणि तंबाखू पूर्ण सोडायला लावली होती, कारण दोन्हींमुळे जखम चिघळते. आज मी उभा राहून लघवी करतो आणि कपडे कोरडे राहतात. संकोचापायी हे दुखणे वर्षानुवर्षे अंगावर काढणाऱ्या प्रत्येकाला मला हे सांगावेसे वाटते.

प्रतिसाद: औषधविक्रेती, कोल्हापूर

आपल्या मधुमेहाच्या गोळ्यांत डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन आहे का, ते पाकिटावर पाहावे. या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात, त्यामुळे त्या भागात बुरशीचा संसर्ग अधिक होतो. जननेंद्रियांभोवतीची कातडी व मांस झपाट्याने सडवणाऱ्या फोर्निए गँग्रीन या दुर्मिळ पण जीवघेण्या संसर्गाबाबत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2018 मध्ये या गटातील औषधांसाठी इशाराही दिला होता. हृदय व मूत्रपिंडासाठी ही औषधे फार उपयुक्त आहेत, तेव्हा गोळी मनाने बंद करू नये. मात्र आपली ही तक्रार गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांच्या कानावर नक्की घालावी.

प्रश्नकर्ता: कृष्णाकाठ

डापाग्लिफ्लोझिन मी रोज घेतो आणि खाजेबद्दल त्या डॉक्टरांशी कधी बोललो नव्हतो. झोपून दाबून पाहिले. लिंग बाहेर येत नाही. पुढच्या आठवड्यात मूत्ररोगतज्ज्ञांची वेळ घेतली आहे. विमा कंपनी याला सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया म्हणून नाकारेल का?

प्रतिसाद: एक मूत्ररोगतज्ज्ञ, पुणे

नाकारले जाण्याची शक्यता असते. केवळ रूप बदलण्यासाठीचे उपचार आरोग्य विम्यातून वगळलेले असतात. परंतु आरोग्याला असलेला थेट आणि तातडीचा धोका दूर करण्यासाठी उपचार आवश्यक आहेत, असे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी प्रमाणित केल्यास या अटीला अपवाद आहे. म्हणून लघवीचा अडथळा, वारंवार होणारा संसर्ग आणि कातडीच्या तुकड्याचा अहवाल यांची नोंद केसपेपरवर पहिल्या भेटीपासून करून घ्यावी आणि पूर्वमंजुरी लेखी मागावी.

भेटीआधी लघवी तुंबली, किंवा त्या भागात एकाएकी सूज, तीव्र वेदना, काळपट डाग आणि ताप अशी लक्षणे दिसली, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच वेळी मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे. अन्य कारणाने कुठेही भूल घेण्याची वेळ आली, तर लघवीची नळी घालणे आपल्या बाबतीत अवघड जाईल, हे तेथील डॉक्टरांना आधीच सांगावे.