'लेझी इम्पोर्ट' : सोय की नवी डोकेदुखी?

उंटावरचा: पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या ३.१५ आवृत्तीत इम्पोर्टच्या, म्हणजे दुसरीकडचा कोड आणणाऱ्या ओळीच्या, आधी 'लेझी' लिहिता येणार आहे. त्याचा पेप ८१० (पेप म्हणजे पायथनमधल्या बदलाचा औपचारिक प्रस्ताव) नोव्हेंबर २०२५ मध्ये मंजूर झाला. असं लिहिलं की मॉड्यूल, म्हणजे आणायची ती कोडची फाइल, लगेच लोड होत नाही, त्याचं नाव पहिल्यांदा वापरलं की मगच होतं. माझा विरोध आहे. पॅकेज टाकायचं राहिलंय हे आज प्रोग्रॅम सुरू होतानाच कळतं. उद्या कळेल ते कोणीतरी रिपोर्टचं बटण दाबल्यावर, तेही भर प्रॉडक्शनमध्ये, लोक प्रत्यक्ष वापरत असताना.

झटपट: आणि फंक्शनच्या आत इम्पोर्ट कोंबता तेव्हा कधी कळतं? तेव्हाच ना? कमांड लाइनच्या टूलला नुसती हेल्प मागितली तरी सगळ्या जड लायब्ऱ्या लोड होत बसतात, म्हणून लोक तो उद्योग करतात. त्यापेक्षा फाइलच्या डोक्यावर उघडपणे लिहिलेलं बरं.

उंटावरचा: फंक्शनमधलं इम्पोर्ट दिसायला वाईट, म्हणूनच लोक जपून वापरतात. हे एका शब्दाचं काम. सरसकट चिकटवतील.

नस्ती_उठाठेव: एररचं सोडा, ती निदान येते तरी. एरर येतच नाही तिथे काय? आमच्याकडे प्लगइनच्या प्रत्येक फाइलमधल्या क्लासवर 'रजिस्टर' नावाचा डेकोरेटर आहे, फाइल चालली की तो प्लगइनची नोंद करतो. मुख्य फाइल ते प्लगइन फक्त इम्पोर्ट करते, पुढे त्याचं नाव कुठेच वापरत नाही. ते लेझी केलं की फाइल कधी चालणारच नाही, डेकोरेटरही नाही. प्लगइन गुपचूप गायब, लॉग स्वच्छ. शोधत बसा.

झटपट: मग तिथे लेझी लिहू नका! सक्ती कुठे आहे? शिवाय एरर आली तर ट्रेसबॅकमध्ये (एरर कुठून आली त्याच्या यादीत) इम्पोर्टची ओळ आणि वापराची ओळ दोन्ही दिसतात. ट्राय ब्लॉकमध्ये (एरर झेलणाऱ्या कोडमध्ये), फंक्शनमध्ये लेझी चालत नाही. मॉड्यूलमधली सगळी नावं एकदम आणणाऱ्या स्टार इम्पोर्टलाही नाही. विचार करूनच केलंय.

नस्ती_उठाठेव: मी नाही लिहिणार हो. पण पेप नीट वाचा, सगळेच इम्पोर्ट लेझी करणारा ग्लोबल फ्लॅगही (अख्ख्या प्रोग्रॅमला लागू होणारी सेटिंग) त्यात आहे. माझं पॅकेज वापरणाऱ्याने तो लावला तर? हेच करू पाहणारा पेप ६९० डिसेंबर २०२२ मध्ये नाकारला होता. दारातून हाकललेला खिडकीतून आत आला की!

झटपट: तो फ्लॅग मुळात बंद असतो. ज्याने लावला त्याने निस्तरावं. वगळायची मॉड्यूल ठरवायला फिल्टरही दिलाय.

उंटावरचा: फ्लॅग तो लावणार, बग रिपोर्ट मात्र 'नस्ती_उठाठेव' यांच्या नावाने येणार.