डेलावेअर काउंटीतल्या मेथडिस्ट चर्चची जुनी पोस्टकार्डं: 60 डॉलरमध्ये काय घ्यावं?

कॅट्सकिलकर
न्यूयॉर्क राज्यातली डेलावेअर काउंटी. वॉल्टन, हॉबर्ट, डाउन्सव्हिल, रॉक्सबरी हा पट्टा. तिथल्या मेथडिस्ट चर्चची 1915 च्या आधीची कार्डं हवी आहेत. बजेट एकूण 60 डॉलर, सहा-सात मिळाली तरी पुरे. छापील घ्यावीत की रिअल फोटो (थेट फोटो-कागदावर काढलेली)? जाणकारांनी सांगावं.

शिक्केवाला
रिअल फोटोच. दहापट भिंग धरा: छापील कार्डावर ठिपक्यांची जाळी दिसते, फोटोत सावलीतसुद्धा सलग छटा. मागे तिकिटाच्या चौकटीत 'अ‍ॅझो' (फोटो-कागदाचा ब्रँड) आणि कोपऱ्यांतल्या चारही त्रिकोणांची टोकं वर असतील, तर कागद 1904 ते 1918 चा. दोन वर, दोन खाली म्हणजे 1918 नंतरचा. एकच घ्या, पण 150 चं घ्या.

बोरूबहाद्दर
बजेट 60 लिहिलंय हो वर.

शिक्केवाला
वाचलं. बजेट वाढतं.

नकाशेवेडा
शोधताना 'मेथडिस्ट' एवढंच टाकलंत तर निम्मी कार्डं हुकतील. 1939 मध्ये तीन शाखा एकत्र येण्याआधी तिथलं नाव मेथडिस्ट एपिस्कोपल. कार्डावर नुसतं 'एम. ई. चर्च'. 'युनायटेड मेथडिस्ट' छापलेलं असेल तर ते 1968 नंतरचं, सोडून द्या. काउंटीच्या नावानेही शोधू नका, डेलावेअर राज्याची कार्डं अंगावर येतील. शिवाय याच नावाची काउंटी पेनसिल्व्हेनियात आहे, ओहायोतही आहे. विक्रेते राज्य आणि गाव अशी लावणी करतात, तेव्हा एकेक गाव टाका.

टपालहंशील
रिअल फोटो, +1. मागची बाजू बघा. पत्ता आणि मजकूर यांच्यामध्ये रेघ असेल तर कार्ड 1 मार्च 1907 नंतरचं. त्याआधी मागे फक्त पत्ता चालायचा, म्हणून मजकूर चित्राच्या कडेला कोंबलेला असतो. काहीजण अशी कार्डं 'खराब' म्हणून टाकतात, तो मूर्खपणा आहे.

शिक्केवाला
चित्रावर शाई म्हणजे खराबच.

टपालहंशील
मग 1905 चं कोरं शोधत बसा.

गिरगावची_गंगू
अवांतर: मुंबईतल्या बोवेन मेमोरियल मेथडिस्ट चर्चचं जुनं कार्ड कुणाकडे आहे का?

बोरूबहाद्दर
गंगूताई, वेगळा धागा काढा.

धागाकर्ते, साध्या छापील चर्च-कार्डांना फारशी मागणी नसते. 4-5 डॉलरच्या वर जाऊ नका, म्हणजे सात कार्डं घेऊनही पैसे उरतील. फोटो-कार्डात काळोख्या भागावर आरशासारखी निळसर चकाकी आली असेल तर ती फोटोतली चांदी वर आलेली असते. कापसाने पुसाल तर चित्र जाईल. मागे काळा कागद चिकटलेला असेल तर पाण्यात भिजवू नका, जिलेटीन फुगून सुटतं. पाकीट पॉलिप्रॉपिलीनचं घ्या. पीव्हीसी कालांतराने चिकट होऊन कार्डाला धरतं.

नकाशेवेडा
आणि मथळ्यावर विसंबू नका. छापखान्यांकडून चर्चचं नाव चुकूही शकतं. या काउंटीचा बिअर्सचा 1869 चा नकाशासंग्रह आहे, त्यात चर्च रस्त्याच्या कुठल्या बाजूला आहे ते जुळवा. इमारत नंतरची असेल तर मात्र उपयोग नाही.

टपालहंशील
रिअल फोटोच घ्या, परत सांगतो.

कॅट्सकिलकर
सगळ्यांचे आभार. शेवटी एकच घेतलं, 52 डॉलरला: अरीना गावचा रस्ता. पेपॅक्टन जलाशयाखाली गेलेल्या चार गावांपैकी हे एक. छापील आहे, डावा कोपरा दुमडलेला, चित्रावर शाई. झाडांमागे एक कळस दिसतोय, एम. ई. चा आहे की नाही ते ठरलेलं नाही.

शिक्केवाला
छापील!!

गिरगावची_गंगू
कळस छान आहे. बोवेनचं बघा ना कुणीतरी.