मदत हवी आहे : कळंबा तलावाकाठी चिखल्याचे घरटे

कोल्हापुरातील कळंबा तलावाचे पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या खडकाळ काठावर मला चिमणीपेक्षा थोडा मोठा, गळ्यात पूर्ण काळा पट्टा आणि डोळ्याभोवती ठळक पिवळे कडे असलेला पक्षी आढळला. चिखल्या म्हणजे पाणथळ काठावर वावरणारा छोटा पक्षी; त्यातल्या दिसायला जवळच्या केंटिश चिखल्याचा गळपट्टा पुढून तुटलेला असतो आणि हा पक्षी उडताना पंखांवर पांढरी रेघ दिसली नाही, म्हणून हा छोटा कंठेरी चिखल्या असावा असे मला वाटते. त्याची ओळख जाणकारांनी कृपया पडताळून द्यावी.

खरी काळजी पुढची आहे. मी जवळ जाताच तो पंख मोडल्यासारखा लंगडत दूर पळाला, आणि खड्यांमध्ये मिसळून गेलेली चार अंडी मला जेमतेम दिसली. तिथून रोज म्हशी आणि दुचाकी जातात. अंडी उबण्यास सुमारे साडेतीन आठवडे लागतात. भोवती दगड रचून खूण केल्यास कुत्र्या-कावळ्यांचे लक्ष वेधले जाईल का, की गुराख्यांना समजावून वाट थोडी बाजूने वळवणे अधिक सुरक्षित ठरेल? निरीक्षण किती अंतरावरून करावे, हेही अनुभवी मंडळींनी सांगावे. नेमकी जागा मी मुद्दाम लिहिलेली नाही.