ज्या ग्राहकाला मराठी वाचता येत नाही, तो आपल्यातून निवड कशी करणार?

कृष्णाकाठची
कराडला राहते, इंग्रजी-मराठी भाषांतर करते. पाच महिने एका परदेशी फ्रीलान्स साइटवर कामं मिळवायची धडपड चालू आहे. साइटचं नाव घेत नाही, फक्त हिशेब मांडते. ६४ अर्ज केले. अर्ज करायलाच क्रेडिट विकत घ्यावं लागतं, त्यात ४,१०० रुपये गेले. उत्तरं आली ९. काम मिळालं एक. १,८०० शब्द, रुपयांत धरलं तर शब्दाला ६० पैसे, म्हणजे १,०८०. कमिशन कापून हातात ९७२.

माझं मत असं झालंय की भाषांतरासाठी ही जागाच चुकीची आहे. जाहिरात देणारा डॅलसला नाहीतर तेल अवीवला बसलेला. त्याच्यापुढे चाळीस अर्ज. त्यातलं कोणाचं मराठी चांगलं हे त्याला कळायचं कसं? त्याला वाचता येतात दोनच गोष्टी, दर आणि रेटिंगचे तारे. तारे माझ्याकडे नाहीत, उरला दर. मी एक रुपया म्हटलं की कोणीतरी ४० पैसे म्हणतो आणि मशीनमधून काढून तासाभरात देतो. एका वाक्यात 'तू' आणि पुढच्यात 'आपण' झालंय, हे त्या ग्राहकाला कधीच कळत नाही. मग नीट काम करणाऱ्याला तिथे किंमत येणार कुठून? टिकून राहू की सोडू?

कोडवाला
ताई, सोडू नका. मी २०१६ला वर्डप्रेसवर वेबसाइट बनवायच्या कामांपासून सुरुवात केली, पहिलं काम मिळायला सात महिने लागले. आज घर त्यावर चालतं.

६४ अर्ज कोणाला केले ते बघा. ज्याने दहा जाहिराती देऊन एकालाही काम दिलेलं नाही, त्याला अर्ज करायचाच नाही. पेमेंटची पडताळणी झालेली नसेल, तरी नाही. जाहिरात कालची असेल तर सोडून द्या. आणि ग्राहकाला यादीत तुमच्या अर्जाच्या पहिल्या एक-दोन ओळीच दिसतात. त्या 'डिअर सर, मला पाच वर्षांचा अनुभव' यात घालवू नका. त्याचं मराठी ॲप उघडा. 'होम'च्या बटणावर 'घर' लिहिलेलं सापडेल. तेवढंच एक वाक्य लिहा की तुमच्या पहिल्याच बटणावर चूक आहे. त्याला मराठी येत नाही, पण चूक म्हणजे काय ते कळतं. तुम्ही ज्याला अडचण म्हणताय, तिथेच तुमचं काम आहे.

दप्तरदार
मला दोघांचंही पटलं नाही. ठाण्यात अठरा वर्षं भाषांतर एजन्सीत मराठी संपादक म्हणून काम केलंय.

आधी कमिशनचं, कारण चर्चा नेहमी तिथेच अडकते. ओडेस्क आणि ईलान्स या दोन फ्रीलान्स साइट्सनी २०१३मध्ये एकत्र येत असल्याचं जाहीर केलं, २०१५ला त्यांचं अपवर्क झालं. तिथे एका ग्राहकाच्या पहिल्या ५०० डॉलरवर २० टक्के कापले जायचे, २०२३ला ते सरसकट १० झाले होते. फायव्हर २० घेतं. एजन्सी ग्राहकाकडून घेते आणि भाषांतरकाराला देते, त्यातली तफावत याहून मोठी असते. तेव्हा टक्केवारीवर रागावून उपयोग नाही.

फरक आहे तो वाचणाऱ्याचा. एजन्सीत तुमचं मराठी वाचणारं माणूस पगारावर असतं. औषधांच्या चाचण्यांचं संमतीपत्र घ्या. ते रुग्णाला कळेल अशा भाषेतच द्यावं लागतं, आणि अर्थ सुटलाय का ते पाहायला बऱ्याचदा मराठीवरून पुन्हा इंग्रजी करून ताडतात. तिथे ४० पैसेवाला पहिल्या पानावर पकडला जातो. एप्रिल २०१७मध्ये गूगलने मराठीला न्यूरल, म्हणजे अख्खं वाक्य एकत्र धरून करणारं मशीन भाषांतर आणलं, त्यानंतर असे मजकूर माझ्या टेबलावर वाढतच गेले. वरवर गुळगुळीत, आत अर्थ उलटा. ताई, जिथे तुमचं वाचलं जातं तिथे जा. एजन्सी पैसे वेळेवर देते का, ते प्रोझ या भाषांतरकारांच्या साइटवर, ब्लू बोर्ड नावाच्या यादीत भाषांतरकारांनीच लिहिलेलं असतं.

कोडवाला
एजन्सीचं एवढं कौतुक नको. माझ्या मावसबहिणीचे २२ हजार एका एजन्सीने बुडवले. साठ दिवसांनी देऊ म्हणाले, नंतर फोन उचलेनात. साइटवर ग्राहकाचे पैसे आधी जमा होतात, मग आपण कामाला हात लावतो. नवख्या माणसाला हा मोठा आधार आहे.

दप्तरदार
बुडवतात, हे खरं आहे. म्हणूनच आधी पत बघायला सांगितलं.

कृष्णाकाठची
'होम'चं उदाहरण मनाला लागलं. असा अर्ज मी एकदाही केला नाही, करून बघते. पण पैसे आधी जमा होतात ते काम ठरल्यावर. त्याआधीच्या नमुन्याचं काय? ९ पैकी पाच जणांनी फुकट नमुना मागितला. एकाने तर ४५० शब्द दिले, आरोग्य विम्याच्या पॉलिसीतली कलमं. रात्री जागून केलं. नंतर एक ओळीचा निरोपसुद्धा नाही.

माणदेशी
ताई, थांबा. कोणती कलमं? मलाही गेल्या महिन्यात असाच नमुना आला होता. ७, ८ आणि अर्धं ९. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेला विमा लागू होईपर्यंत थांबण्याची मुदत, तिथे वाक्य मध्येच तुटलं होतं.

कृष्णाकाठची
माझं पहिलं वाक्य 'आणि हर्नियासाठी' असं सुरू होत होतं. उरलेलं ९ आणि १० ते १२. मला वाटलं, कॉपी करताना त्याची चूक झाली असेल.

कोडवाला
दोघांचे स्क्रीनशॉट एकत्र जोडून साइटकडे तक्रार करा, आजच. १०० शब्दांच्या वर नमुना द्यायचा नाही, हे मी पहिल्याच उत्तरात सांगायला हवं होतं. तरी माझं मत तेच आहे. असा एक माणूस निघाला म्हणून सगळा बाजार सोडायचा नाही.

दप्तरदार
ही पॉलिसी आता चार-पाच जणांच्या तुकड्यांतून जोडली जाईल. मागवणारा ती वाचणारच नाही. वाचेल तो दवाखान्यात भरती झालेल्या माणसाचा मुलगा, क्लेम नाकारल्यावर.

कृष्णाकाठची
तक्रार केली. कलमं १ ते ६ आणि १३च्या पुढची ज्यांच्याकडे गेली ते कोणी इथे असाल, तर लिहा. 'वेटिंग पीरियड'ला मी 'प्रतीक्षा कालावधी' केलंय, माणदेशींनी 'थांबण्याची मुदत'. तुम्ही काय केलंत, तेही सांगा.