मदत हवी आहे: नवऱ्याला आधी कोणत्या डॉक्टरकडे न्यावं?

नवरा ४८ वर्षांचा, ८ वर्षांपासून मधुमेह. गेले सहा-सात महिने लिंगाला ताठरता येत नाही, आली तरी टिकत नाही. पहाटेही येत नाही म्हणतो, म्हणजे कारण नुसतं मनातलं नसावं. परवा रात्री भिंतीकडे तोंड करून "माझ्यात काही राहिलंच नाही" म्हणाला, पोटात कालवलं माझ्या.

लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा बारीक, म्हणून कधीकधी हृदयविकाराच्या आधी हाच त्रास दिसतो, हे कळल्यापासून मला धास्तीच बसलीय. तो मात्र डॉक्टरांना न विचारता सिल्डेनाफिल ही ताठरतेची गोळी घ्यायची म्हणतोय. (छातीदुखीवरच्या नायट्रेटसोबत ती गोळी जिवावर बेतू शकते!)

आधी मूत्ररोगतज्ज्ञ की मधुमेहाचे डॉक्टर? साखर, कोलेस्टेरॉलबरोबर टेस्टोस्टेरॉनही तपासावं का? आणि तो फार लाजतोय हो, तुम्ही घरात हा विषय कसा काढलात?