किलियन हेझला पंधरा जणांत जागा मिळायला हवी होती का?

प्रश्न – पिस्टनप्रेमी

अमेरिकेच्या एनबीए या बास्केटबॉल लीगमधल्या डिट्रॉइट पिस्टन्स संघाने ८ फेब्रुवारी २०२४ रोजी किलियन हेझला करारमुक्त केले. तो निर्णय मला तेव्हा पटला नव्हता आणि संघाचे दिवस पालटल्यावरही पटलेला नाही. २०२० च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू क्रमाने निवडतात त्या प्रक्रियेत, सातव्या क्रमांकावर निवडलेला हा पॉइंट गार्ड (चेंडू वर आणून चाल रचणारा खेळाडू) त्या दिवशी अवघा बावीस वर्षांचा होता. निवड फसली, असे त्याच्याबद्दल सर्रास म्हटले जाते, पण तो कोणत्या परिस्थितीत एनबीएमध्ये आला हे सहसा कोणी लक्षात घेत नाही. महामारीमुळे त्या वर्षीचा ड्राफ्ट नोव्हेंबरात झाला, नवख्यांना सराव देणारी उन्हाळी समर लीग झालीच नाही आणि पाचेक आठवड्यांत हंगाम सुरू झाला. जर्मनीतल्या उल्म संघाकडून थेट आलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलाला नव्या वेगाची सवय व्हायच्या आतच, जानेवारीत, नितंबाच्या सांध्याची दुखापत झाली आणि पहिल्या हंगामात तो केवळ २६ सामने खेळू शकला. पुढच्याच वर्षी ड्राफ्टमधल्या पहिल्या क्रमांकावर केड कनिंगहॅम डिट्रॉइटकडे आला आणि चेंडू साहजिकच त्याच्या हातात गेला.

तरीही २०२२–२३ मध्ये कनिंगहॅम नडगीच्या दुखापतीमुळे १२ सामन्यांनंतर बाहेर बसला, तेव्हा हेझ ७६ सामने खेळला आणि त्याने सामन्यामागे सहाहून अधिक असिस्ट (सहकाऱ्याच्या बास्केटला कारण ठरलेले पास) दिले. प्रतिस्पर्ध्याच्या मुख्य गार्डला अडवण्याचे कामही बरेचदा त्याच्याकडेच असे. त्याला सोडणारा संघ २०२३–२४ च्या हंगामात सलग २८ सामने हरलेला होता. अशा संघाला पंधरापैकी एक जागा बावीस वर्षांच्या मुलासाठी राखता येऊ नये, हे मला अजूनही समजत नाही. जाणकारांची मते वाचायला आवडतील.

प्रतिसाद – राखीव बाक

आधी या निर्णयाचा व्यावहारिक भाग सांगतो, कारण त्याशिवाय पुढची चर्चा भलतीकडे जाईल. पहिल्या फेरीतल्या खेळाडूचा करार चार वर्षांचा असतो. त्यातली पहिली दोन वर्षे पक्की असतात, तर तिसरे आणि चौथे वर्ष संघाच्या मर्जीवर असते. डिट्रॉइटने हेझची चारही वर्षे मंजूर केली होती, म्हणजे त्या हंगामाचे सुमारे ७४ लाख डॉलर त्याला ठेवले काय किंवा सोडले काय, द्यावेच लागणार होते. त्या दिवशी प्रश्न पैशांचा नव्हता, खुर्चीचा होता. संघांमधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीच्या व्यवहारांच्या शेवटच्या दिवशी न्यूयॉर्ककडून क्वेंटिन ग्राइम्स, एव्हान फोर्निए, मॅलाकाय फ्लिन आणि रायन आर्सिडियाकोनो हे चौघे आले, त्यांच्या बदल्यात बोगदानोविच आणि बर्क्स हे दोघेच गेले, आणि नियमित करारांची मर्यादा पंधराचीच राहिली. कोणाला तरी उठवावे लागणारच होते.

शिवाय ऑक्टोबर २०२३ मध्ये करारवाढीची मुदत टळून गेली, तेव्हा संघाने त्याच्याशी नवा करार केला नव्हता. उन्हाळ्यात त्याचा करार आपोआप संपणार होता. त्यामुळे फेब्रुवारीत एक होतकरू भविष्य हातचे घालवले, असे म्हणणे मला बरोबर वाटत नाही.

प्रतिसाद – फ्री थ्रो रेषा

पैसा आणि खुर्ची यांचा हिशेब योग्यच आहे, पण खरी अडचण मैदानावर दिसत होती. मी त्या काळातले बरेच सामने लक्षपूर्वक पाहिले आहेत आणि एक चित्र इतक्यांदा पाहिले की ते अजून डोळ्यांसमोर येते. हेझ डाव्या हाताने चेंडू खेळवत वर येतो आणि सहकारी आयझाया स्टुअर्ट त्याच्यासाठी स्क्रीन लावतो, म्हणजे बचावपटूच्या वाटेत आडवा उभा राहतो. एरवी बचावपटू स्क्रीनच्या वरून, धडपडत, चेंडूवाल्याच्या अंगाला चिकटून जातो. हेझसमोरचा माणूस मात्र निवांतपणे स्क्रीनच्या मागून फिरून फ्री थ्रो रेषेपाशी त्याची वाट पाहत उभा राहतो. तीन गुणांच्या रेषेबाहेर हेझ पूर्ण मोकळा असतो आणि प्रतिस्पर्ध्याला त्याची काहीच चिंता नसते. मग तो एक ड्रिबल आत येतो, पंधरा फुटांवरून उडी घेऊन चेंडू फेकतो, आणि मनात येते की हीच फेक त्याने घ्यावी, असे समोरच्या प्रशिक्षकाने आधीच ठरवून ठेवलेले होते.

डिट्रॉइटमधल्या एकाही हंगामात त्याच्या तीन गुणांच्या फेकी ३० टक्क्यांपर्यंत पोहोचल्या नाहीत, आणि पहिल्या तीन हंगामांत एकूण नेमबाजीही ४० टक्क्यांच्या खालीच राहिली. हा आकडा फक्त त्याच्या खात्यावर मांडून चालत नाही, याकडे मला लक्ष वेधायचे आहे. ज्याला कोणी अडवायला जात नाही, तो गार्ड कनिंगहॅमच्या शेजारी उभा केला की हेझवरचा बचावपटू कनिंगहॅमच्या वाटेत येऊन थांबतो आणि संघाच्या सर्वांत चांगल्या खेळाडूला एकाऐवजी दोघांतून वाट काढावी लागते. हेझचा पास खरोखर सुंदर होता, विशेषतः धावत्या मोठ्या खेळाडूला जमिनीवर टप्पा देऊन दिलेला, आणि बचावात त्याचे हात सतत चेंडूच्या वाटेत असत. हे गुण मी मनापासून मान्य करतो. पण हा संघ कनिंगहॅमभोवती बांधायचा होता, आणि त्याच्या शेजारच्या माणसाला मोकळी फेक घालता येणे ही पहिली अट होती.

प्रतिसाद – जुने हंगाम

अशा चर्चेत संयमाचे दाखले नेहमी दिले जातात, तेव्हा त्यांतले दोन थोडे तपासून पाहू. जर्मेन ओनील १९९६ मध्ये सतराव्या क्रमांकावर पोर्टलंडकडे गेला, चार वर्षे जवळजवळ बाकावरच होता आणि २००० मध्ये इंडियानाला गेल्यावर सहा वेळा ऑल-स्टार (हंगामातल्या निवडक सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक) झाला. डिट्रॉइटला अधिक जवळचा दाखला चॉन्सी बिलप्सचा. १९९७ चा तिसरा क्रमांक असूनही बॉस्टनने त्याला पहिल्याच हंगामात दुसऱ्या संघाकडे धाडले, तो बऱ्याच संघांतून फिरला आणि अखेर २००४ मध्ये डिट्रॉइटच्याच जर्सीत अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

हे दाखले खरे असले, तरी ओनीलचा दाखला हेझला लागू पडत नाही. ओनीलला पोर्टलंडमध्ये खेळायलाच मिळाले नव्हते, कारण त्याच्यापुढे रशीद वॉलेस, सबोनिस यांच्यासारखे तयार खेळाडू होते. त्याच्याबद्दलचे मत न खेळवताच बनवले गेले होते आणि म्हणूनच ते चुकले. हेझ डिट्रॉइटसाठी दोनशेहून अधिक सामने खेळला, त्यांतले बहुतेक सुरुवातीच्या पाच जणांत. ज्याला पाहिलेच नाही त्याच्यासाठी थांबणे आणि ज्याला चार वर्षे पाहिले त्याच्यासाठी थांबणे, या दोन गोष्टींना एकच शब्द वापरला की आपली फसगत होते. बिलप्सच्या उदाहरणातून तर मला उलटेच दिसते. त्याचे भले पहिल्या संघाने त्याला धरून ठेवल्यामुळे झाले नाही.

हेझनंतर पाच जागांनी, बाराव्या क्रमांकावर टायरीस हॅलिबर्टन निवडला गेला, ही गोष्ट मी जाणूनबुजून बाजूला ठेवत आहे. ती चूक निवडणाऱ्यांची होती. तिचे ओझे या मुलाच्या पाठीवर चार वर्षे राहिले, आणि प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली ती बऱ्याच अंशी त्याच्या खेळापेक्षा त्या क्रमांकासाठी होती, असे मला वाटते.

प्रश्नकर्त्याचे उत्तर – पिस्टनप्रेमी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. स्क्रीनच्या मागून जाणाऱ्या बचावपटूचे चित्र वाचल्यावर मला ते सामने आठवले आणि त्या मुद्द्यावर वाद घालण्याजोगे माझ्याकडे काही उरत नाही. खेळवलेला आणि न खेळवलेला यांतला फरकही मी या दृष्टीने पाहिला नव्हता.

तरी एक गोष्ट खुपत राहते. त्याच २०२३–२४ हंगामाच्या आरंभी प्रशिक्षक माँटी विल्यम्स यांनी पाचव्या क्रमांकावर निवडलेल्या जेडन आयव्हीला बाकावर बसवून हेझला सुरुवातीच्या पाचात घेतले होते. ऑक्टोबरात ज्याच्यासाठी आयव्हीची जागा काढून घेतली, तोच फेब्रुवारीत पंधरांत बसण्याच्याही लायकीचा राहिला नाही, हे कसे?

प्रतिसाद – फ्री थ्रो रेषा

तुमची तक्रार रास्त आहे, आणि तिच्यातूनच माझे उत्तर निघते. त्याला ठेवायचे नव्हते, तर २०२३ च्या उन्हाळ्यातच दुसऱ्या संघाला देऊन टाकायला हवे होते. तेव्हा त्याच्या करारात पूर्ण एक वर्ष शिल्लक होते, नुकताच तो ७६ सामने खेळून मोकळा झाला होता आणि एखाद्या संघाने त्याला दुसरा पॉइंट गार्ड म्हणून आनंदाने घेतले असते. तसे न करता त्याला आयव्हीच्या पुढे उभे केले, तीन महिने पराभवांच्या माळेत खेळवले आणि व्यवहारांच्या शेवटच्या दिवशी सोडून दिले. त्यामुळे आयव्हीचे महिने वाया गेले आणि हेझच्या नावावर मात्र कोणालाच नको असलेल्या खेळाडूचा शिक्का बसला. पुढे त्याला ब्रुकलिनच्या जी-लीग (एनबीएची दुय्यम लीग) संघात खेळावे लागले आणि एनबीएचा दहा दिवसांचा करार मिळायला २०२५ चा फेब्रुवारी उजाडला. जागेबद्दलचा निर्णय मी आजही बरोबरच मानतो. तो आठ महिने उशिरा घेतला गेला, आणि त्या उशिराची किंमत त्या मुलाने मोजली.