घारे डोळे कुणाकडून आले? तुमच्या घरचे अनुभव सांगा

रामबागवाली: काल इथे इंदूरलाच एका बारशाला गेले होते. पाळण्यात घालताना एक बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "आईबाप दोघं काळ्या डोळ्यांचे, मग हिचे घारे कसे?" बाळंतिणीचा चेहरा खर्रकन उतरला. माझ्या आईनंही माझ्यापायी हेच ऐकलंय. पणजोबांचा फोटो काढून पाहिला, पण कृष्णधवल फोटोत डोळ्यांचा रंग काय कळणार! महूच्या आत्याआजी आल्या, माझी हनुवटी धरून म्हणाल्या, "अगो, हे तर दादांचे डोळे!" तेव्हा कुठे लोकांची तोंडं बंद झाली. अजून राग येतो.

सराफ्याजवळ: सख्खा भाऊ घारा, मी काळीभोर. दोघं एकाच आईची.

विज्ञानबाई: कुकर लावलाय, पटकन लिहिते. बुबुळात मेलॅनिन हे रंगद्रव्य भरपूर असलं की डोळे तपकिरी-काळे, कमी असलं की घारे, अगदीच कमी असलं की निळे. निळा रंग डोळ्यात नसतोच, प्रकाश विखुरतो म्हणून तसा दिसतो. 15व्या गुणसूत्रावरची ओसीए2 आणि हर्क2 ही जनुकं मुख्य, पण इतरही पुष्कळांचा हात असतो. शाळेत एकाच जनुकजोडीचा चौकोन काढून शिकवतात, तेवढ्यावर भागत नाही. काळ्या डोळ्यांच्या आईबापांत फिका रंग दडलेला असू शकतो, दोघांकडूनही आला तर बाळात उमटतो. निळ्या डोळ्यांच्या जोडप्याला तपकिरी डोळ्यांचं मूलही क्वचित होतं. डोळे बघून आईवर संशय घेणं शुद्ध अन्याय आहे.

रामबागवाली: बाई, हे त्या बाळंतिणीला पाठवते आत्ताच.

पोहेजलेबी: आमचा जन्मला तेव्हा राखाडी-निळसर डोळे होते. आजेसासूबाई खूश, "माझ्या माहेरचे!" वर्षाचा होईतो छान तपकिरी झाले. काजळ घालायचं म्हणत होत्या, डॉक्टरांनी साफ नको सांगितलं.

सराफ्याजवळ: काजळ नकोच गं. आमच्याकडे तळपायाला तीट लावतात.

महूकर: भाच्याचा एक डोळा घारा, एक काळा. चालतं का?

विज्ञानबाई: जन्मापासून असेल तर बहुतेकदा काही नसतं, तरी एकदा दाखवून घ्या. मोठेपणी एकाच डोळ्याचा रंग बदलला तर मात्र लगेच डॉक्टर गाठा.

महूकर: जन्मापासूनच आहे. दाखवतो. रामबागवाली, आत्याआजी महूत कुठे राहायच्या? आमचं घर बाजारात होतं.

रामबागवाली: चर्चच्या बाजूला. व्यक्तिगत निरोप पाठवते.